ठेका धरणाऱ्याचे नाव



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर मोठी विद्वान माणसे बोलून गेली आहेत. मी विद्वान नाही. शाळा मी नववीत सोडली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, सभासदांच्या पावत्या फाडून झाल्यावर. ‘विषय तुम्हीच निवडा’ असे चालकांनी सांगितले, तेव्हा हा गडी बोनसवर नाहीतर किमान वेतनावर बोलेल, असा त्यांचा अंदाज असावा. मी म्हणालो, ढोल वाजवणाऱ्यावर बोलतो. चालक थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी चहा मागवला. त्यांचा तो संशय खरा की खोटा, हे आता आपण ठरवायचे आहे.

विषय सुचला तो असा. गेल्या लग्नसराईत धुळ्याहून जळगावला एस.टी.ने येत होतो. पारोळ्याच्या अलीकडे वरातीने रस्ता अडला. उतारू खाली उतरले, मीही उतरलो. पुढे दिव्यांनी सजवलेली गाडी होती. तिच्यावर बँडचे नाव, मालकाचे नाव आणि मालकाचा फोन नंबर. गाडीवर गाणारा होता, कॅसिओवाला होता. आणि सगळ्यांच्या मागे, गळ्यात पट्टा अडकवून, माझ्याच वयाचा एक माणूस ढोल वाजवत होता. मी नीट पाहत राहिलो. गाणाऱ्याचा आवाज मध्येच बसला, नाच चालू राहिला. कॅसिओची वायर निघाली, तरी नाच चालू राहिला. पण त्या माणसाने घाम पुसायला हात थांबवला, तसे नाचणाऱ्यांचे पाय जागच्या जागी थबकले. शेजारच्या वऱ्हाड्याला मी विचारले, ‘याचे नाव काय हो?’ तो म्हणाला, ‘कोण, तो? तो ढोलवाला.’

मंडळी, आज मला एवढेच सांगायचे आहे. ज्याच्या हातावर सगळ्यांचे पाय चालतात, त्याचे नाव बहुधा कुठेच लिहिलेले नसते. आपण समजतो की हा मानापमानाचा प्रश्न आहे, कलावंताच्या रुसव्याफुगव्याचा प्रश्न आहे. माझा अनुभव सांगतो की हा भाकरीचा प्रश्न आहे.

आधी जरा लांबचा दाखला घेऊ. आमच्या युनियनमधला एक तरुण सभासद कानाला सदैव ते यंत्र लावून असतो. एकदा त्याने ते माझ्या कानाला लावले आणि म्हणाला, ‘भाऊ, हाई आयका.’ मला प्रथम वाटले, पत्र्याच्या शेडवर गारा पडताहेत. तो म्हणाला, याला पंक म्हणतात. मग मी त्याचा शोध घेतला, आणि जे सापडले ते कामगार चळवळीच्या माणसाला परके वाटणारे नव्हते.

1976 च्या सुमारास इंग्लंडात बेकारी वाढली होती. शाळेतून बाहेर पडलेल्या पोरांना काम नव्हते. त्या काळची मोठी गाणारी मंडळी महालांत राहत होती आणि अर्ध्या अर्ध्या तासाची गाणी वाजवत होती. तेव्हा या पोरांनी ठरवले की आपल्याला तीन सूर येतात ना, मग तेवढ्यावर भागवू. दोन अडीच मिनिटांचे गाणे, वेग भरधाव, भाषा रस्त्यावरची, आणि विषय बेकारी, पोलीस, घरभाडे. हेच पंक. त्या चळवळीतला एक नामांकित संच म्हणजे लंडनचा ‘द क्लॅश’. 1976 साली तो उभा राहिला, आणि दुसऱ्याच वर्षी त्यात एक ड्रमवाला आला. त्याचे नाव निकोलस हेडन, जन्म 1955 चा. पण त्याला या नावाने कोणी ओळखत नाही. त्याचे कान मोठे होते. ‘टॉपर’ नावाच्या मुलांच्या चित्रसाप्ताहिकातल्या माकडासारखा हा दिसतो, असे संचातल्या एका सोबत्याला वाटले, आणि हा जन्मभराचा ‘टॉपर’ झाला. म्हणजे नाव मिळाले तेही दुसऱ्याने ठेवलेले.

इतरांना तीन सूर येत होते, याला मात्र पुष्कळ येत होते. जॅझ, सोल, रेगे अशा सगळ्या चाली त्याच्या हातात बसलेल्या होत्या. त्यामुळेच तो संच एका वेगाच्या डबक्यात अडकून न पडता पुढे गेला. 1979 च्या डिसेंबरात निघालेली त्यांची ‘लंडन कॉलिंग’ ही ध्वनिमुद्रिका आजही ऐकली जाते. पुढे 1981 साली न्यूयॉर्कच्या स्टुडिओत एकदा बाकीचे सोबती यायचे होते आणि हा एकटाच हजर होता. त्याने आधी ड्रम वाजवून मुद्रित केला, मग स्वतःच पियानो वाजवला, मग स्वतःच बास गिटार वाजवली. सोबती आले तेव्हा गाण्याची चाल तयार होती. ते गाणे म्हणजे ‘रॉक द कॅसबा’. अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिल्या दहांत गेलेले त्या संचाचे हे एकच गाणे.

आता पुढचे ऐका. 1982 च्या मे महिन्यात, ते गाणे लोकांपर्यंत पोचत असतानाच, टॉपरला संचातून काढले. त्याला हेरॉइनचे व्यसन लागले होते. तो दोष त्याचाच, मी त्याची वकिली करत नाही. त्या व्यसनापायी पुढे त्याला तुरुंगवासही घडला. पण त्याच्या जागी संचाचा जुना ड्रमवाला टेरी चाइम्स बसवला, आणि गाण्याची जी चित्रफीत जगभर दाखवली गेली तिच्यात ड्रमवर हा दुसराच माणूस दिसतो. चाल एकाची, चेहरा दुसऱ्याचा. टॉपर नंतर टॅक्सी चालवत होता. सुदैवाने तो त्या व्यसनातून बाहेर पडला, आणि 2003 साली अमेरिकेत त्या संचाचा मोठा गौरव झाला तेव्हा त्याचेही नाव यादीत होते. म्हणजे नाव लागायला एकवीस वर्षे गेली.

1982 हे साल उच्चारले की आमच्यासारख्यांना दुसरेच काही आठवते. त्याच वर्षी 18 जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक परत कधीच साच्यावर उभे राहिले नाहीत. संप फुटला, गिरण्या गेल्या, जमिनी विकल्या गेल्या. कापड विणणाऱ्यांची नावे मस्टरवर तरी होती, त्यामुळे वर्षानुवर्षे भांडायला कागदाचा एक आधार होता. वाजवणाऱ्यांचे मस्टर कोणी ठेवले? हा प्रश्न मनात धरूनच आता घरी येऊ.

आपल्याकडचा माणूस सांगायचा तर मी दत्ताराम वाडकरांचे नाव घेईन. जन्म गोव्यात, 1929 चा. मुंबईत आले, पंढरीनाथ नागेशकरांकडे तबला शिकले. व्यायामाची आवड होती, आणि व्यायामशाळेतच त्यांची गाठ शंकर यांच्याशी पडली. हे शंकर म्हणजे शंकर-जयकिशन जोडीतले. ते त्या वेळी पृथ्वी थिएटरमध्ये तबला वाजवत. 1949 साली ‘बरसात’ आला, जोडीचे नाव झाले, आणि दत्ताराम त्यांच्या ताफ्याच्या तालाचे कारभारी झाले. पुढची वीसेक वर्षे राज कपूरच्या चित्रपटांतले गाणे ऐकून ज्याने म्हणून मांडीवर हात मारला असेल, त्याचा हात नकळत दत्तारामांच्या मागे चालला आहे.

त्यांचा ढोलकचा एक ठेका होता. मात्रा आठच, केरवाच. पण वजन कुठे टाकायचे आणि जागा कुठे मोकळी सोडायची याची त्यांची रीत वेगळी होती. तो ठेका कानावर पडला की उदास गाणेसुद्धा चालू लागते, थबकत नाही. वादकांनी त्याला नाव दिले ‘दत्तू ठेका’. आजही मुंबईच्या स्टुडिओत ‘दत्तू लाव’ म्हटले की ढोलकवाल्याला पुढे काही सांगावे लागत नाही. आपल्या चित्रपटसंगीतात तालाला वादकाचे नाव चिकटल्याचे इतके ठळक उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

1957 साली राज कपूरच्या संस्थेच्या ‘अब दिल्ली दूर नहीं’ या चित्रपटाचे संगीत त्यांनी स्वतंत्रपणे दिले. 1958 साली ‘परवरिश’ला दिले, आणि त्यातले मुकेशने गायलेले गाणे घराघरांत गेले. स्वतः संगीतकार झालेला माणूस पुन्हा दुसऱ्याच्या ताफ्यात ढोलक घेऊन बसेल का? दत्ताराम बसले. शंकर-जयकिशनच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘साहाय्यक’ म्हणून सेबॅस्टियन आणि दत्ताराम ही दोन नावे येत राहिली. 2007 साली दत्ताराम वारले. त्यांचे नाव निदान पडद्यावर आले आणि ठेक्यालाही राहिले. म्हणून आज मी त्यांच्याविषयी तुमच्याशी बोलू शकतो. पण त्यांच्या शेजारी जे तीस, चाळीस, कधी साठ वादक बसत, त्यांचे काय?

त्या काळी ध्वनिमुद्रण कसे होई हे थोडे सांगितले पाहिजे. आजच्यासारखे प्रत्येकाचे वाजवणे वेगवेगळे नोंदवून नंतर जोडण्याची सोय नव्हती. गाणारी, व्हायोलिनवाले, बासरीवाला, तालवाले असे सगळे एका वेळी, एका छताखाली वाजवत. शेवटच्या अंतऱ्यात ढोलकवाल्याची एक थाप चुकली, तर पहिल्यापासून पुन्हा. म्हणजे जोखीम सगळ्यांत जास्त त्याची, कारण व्हायोलिन वीस असतात, एकाची चूक झाकून जाते. ताल झाकत नाही. दिवसाचे पैसे मिळाले की नाते संपले. गाणे पन्नास वर्षे वाजो की पाच हजार वेळा वाजो, त्यातला छदामही पुढे त्याच्याकडे येत नसे. मुंबईच्या वादकांनी आपली संघटना उभी केली, दर्जा ठरवले, दर ठरवले, हे त्यांचे मोठे काम आहे. पण दर म्हणजे त्या दिवसाची मजुरी. गाण्यातला वाटा ही वेगळी गोष्ट.

मग यंत्र आले. 1980 साली जपानच्या रोलँड कंपनीने ताल वाजवणारी एक पेटी बाजारात आणली. तिच्या बहिणी, भाच्या पुढे मुंबईतही आल्या, आणि विसावे शतक संपता संपता साठ साठ वादकांचे ताफे बसणे जवळपास बंद झाले. यंत्राला माझा विरोध नाही. माझ्या वडिलांनी गिरणीत यंत्रावरच संसार केला. पण यंत्रात भरलेली थाप मुळात कोणाच्या तरी हाताची असते, आणि ती थाप ज्याची, त्याला विचारणारे कोणी नव्हते.

कायदा काय सांगतो, हे पाहणे हा माझा धंदाच आहे. ज्या 1957 साली दत्ताराम संगीतकार झाले, त्याच वर्षी आपल्या देशाचा कॉपीराइट कायदा झाला. त्यात गीतकार होता, संगीतकार होता, निर्माता होता, वादक नव्हता. वादकाचा, गायकाचा हक्क कायद्यात शिरला तो 1994 च्या दुरुस्तीने. त्या व्याख्येत ‘प्रयोग करणारा’ म्हणून कोण कोण मोजले आहे ते ऐकण्यासारखे आहे: नट, गायक, वादक, नर्तक, डोंबारी, जादूगार, गारुडी, आणि व्याख्यान देणारा! तेव्हा आज या क्षणी मी आणि गारुडी कायद्याच्या एकाच ओळीत उभे आहोत. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

पण 2012 साली पुन्हा दुरुस्ती झाली. तिने वादकाला व्यावसायिक वापरावर मानधनाचा हक्क दिला, ही चांगली गोष्ट. मात्र त्याच दुरुस्तीत एक परंतुक घातले. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे, आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कुठेच दिले जात नाही, तो या कायद्यापुरता ‘प्रयोग करणारा’ धरला जाणार नाही. आपली कला विकृत करून दाखवली तर तक्रार करण्यापुरता तेवढा तो उरतो. बंधूंनो, हे परंतुक मी तीन वेळा वाचले. काम किरकोळ आहे की नाही हे ठरवणार कोण? आणि नाव द्यायचा रिवाज नाही तो पाडला कोणी? वादकाने पाडला नाही. मालकाने नाव लिहायचे नाही, आणि नाव लिहिलेले नाही म्हणून हक्क नाही, असे हे चक्र फिरते. नावाचा प्रश्न हा भाकरीचा प्रश्न आहे, असे मी सुरुवातीला म्हणालो ते याच कारणाने.

इथपर्यंत मी दुसऱ्यांना बोल लावले. ते सोपे असते. आता स्वतःकडे वळतो.

पंचवीसएक वर्षांपूर्वी आम्ही जिनिंगमधल्या कामगारांचा एक संप चालवला. एकोणीस दिवस चालला. सकाळी सात वाजता गेटवर माणसे जमवणे हे संपातले सगळ्यांत अवघड काम. भाषणाने माणसे जमत नाहीत, आधी जमलेल्यांनाच भाषण ऐकवता येते. ती जमवत असे एक हलगीवाला. शेजारच्या वस्तीतला पोरगा होता, विशीतला. काडी आणि बोट यांचा असा काही मेळ घाली की झोपलेला माणूस दार उघडून बाहेर येई. रोज चहा आणि वीस रुपये आम्ही त्याला देत होतो. संप जिंकला. करार झाला, यादी झाली, फरक मिळाला. तो जिनिंगचा कामगार नव्हता, त्यामुळे यादीत तो नव्हता. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही.

बरीच वर्षे गेली. एक दिवस त्याची बायको कचेरीत आली. तो अंथरुणाला खिळला होता. वृद्ध आणि गरजू कलावंतांना राज्य शासनाचे मानधन मिळते. 1954-55 पासूनची ही योजना आहे, आणि 2024 मध्ये ते मानधन दरमहा 5,000 रुपये झाले. पन्नाशीच्या आतच तो थकला होता, पण आज ना उद्या अर्ज करायचा तर कलेच्या क्षेत्रातल्या कामाचा पुरावा लागतो. बाई म्हणाली, ‘भाऊ, तुमच्याकडे त्यांनी वाजवलंय, तेवढं लिहून द्या.’ मी म्हटले, लगेच देतो. संपाची फाइल काढली. सभेची इतिवृत्ते होती, हिशेबाची वही होती. वहीत एकोणीस वेळा एकच नोंद: ‘हलगी, 20 रुपये.’ नाव कुठेही नाही. एक वर्तमानपत्राचे कात्रण निघाले. त्यात मोर्चाच्या पुढे मूठ वर केलेला मी आहे, माझे नावही खाली छापले आहे, आणि कडेला अर्धी हलगी आणि एक हात तेवढा आला आहे. बाईने त्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, ‘हा हात त्यांचाच.’

हाताला कोण मानधन देणार? मी पत्र लिहून दिले, पण वहीतली एकही नोंद माझ्या पत्राच्या मदतीला उभी राहीना. तो अर्ज नीट उभा राहायच्या आत तो गेला. मालकाने मस्टरवर नाव घातले नाही म्हणून मी तीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढतो आहे, आणि माझ्या स्वतःच्या वहीत मी तेच केले होते. त्याचे पूर्ण नाव आता माझ्याकडे लिहिलेले आहे. घरच्यांची इच्छा नाही म्हणून ते या व्यासपीठावरून घेत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती टाळली तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही. विलायतेत ड्रमवाल्याला विसरतात ते तो मागे बसतो म्हणून. आपल्याकडे हलगीवाल्याचे नाव विचारत नाहीत, त्याला जातही कारण आहे. वाद्याला कातडे आहे, म्हणून ते वाजवणाऱ्याचा हात वेगळा, असे शतकानुशतके चालले. वरात त्याच्याशिवाय निघत नव्हती, पण पंगतीत त्याचे पान नव्हते. डॉ. आंबेडकरांच्या शिकवणुकीनंतर पुष्कळांनी स्वाभिमानाने हे वाद्य खाली ठेवले. ते त्यांनी योग्यच केले. ज्यांनी ते हातात ठेवले, त्यांना ते मानाने वाजवता यावे, ही जबाबदारी ऐकणाऱ्यांची आहे.

आपल्या खानदेशात याचे दुसरे चित्रही आहे. होळीच्या आधी चोपडा, यावल, शिरपूर भागात भोंगऱ्या बाजार भरतो. सातपुड्यातली पावरा मंडळी पाड्यापाड्यावरून भलेमोठे ढोल घेऊन खाली उतरतात. तिथे ढोल पाड्याचा असतो, वाजवणारा त्याच पाड्याचा असतो, आणि तो थकला की दुसरा पट्टा गळ्यात घेतो. तिथे ‘ढोलवाला’ म्हणून वेगळी खालची पायरी मी पाहिली नाही. दहा वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याने मला शेजारच्या पाच ढोलांवरच्या माणसांची नावे बापाच्या नावासकट सांगितली होती. शिकलेल्या गावांना हे जमू नये?

आणि इतिहासातही पाहा. 1946 साली आपल्या अमळनेरात गिरणी कामगारांवर गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांवर अण्णाभाऊ साठ्यांनी पोवाडा रचला. लाल बावटा कलापथकाचे अण्णाभाऊ, अमर शेख, गव्हाणकर ही तीन नावे आपल्या तोंडी आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. पण शाहिराने हात वर केला की मागून जी थाप पडे, ती ज्या ज्या हातांची होती त्यांतले एक तरी नाव या सभागृहात कोणी सांगू शकेल का? मीही सांगू शकत नाही.

उपाय मोठे नाहीत. पहिला, बँडच्या मालकांनी लग्नसराईचे एक साधे मस्टर ठेवावे: तारीख, गाव, वाजवणाऱ्याचे पूर्ण नाव, बिदागी. सुपारी मालकाच्या नावाने घेतली तरी उचल कोणाच्या नावावर आहे हे त्यांना बरोबर आठवते. मग कामही आठवावे. दुसरा, गाडीवर मालकाच्या नावाखाली वादकांची नावे रंगवावीत. पेंटरला फार तर दोनशे रुपये जास्त पडतील. तिसरा उपाय आमच्यासाठी, म्हणजे युनियनवाले, मंडळवाले, उत्सववाले, आणि व्याख्यानमालेच्या चालकांसाठीही. हिशेबाच्या वहीत ‘हलगी, 20 रुपये’ असे लिहायचे नाही. माणसाचे नाव लिहायचे, मग आकडा लिहायचा. आमच्या कचेरीत हा नियम आता लागू आहे, आणि तो मोडणाऱ्या खजिनदाराशी मी भांडतो.

आपल्यापैकी बहुतेकांना या महिन्यात दोन तरी लग्ने असतील. वरात थांबेल, दहा मिनिटे उशीर होईल. तेवढ्यात ढोलवाल्याजवळ जाऊन त्याचे नाव विचारा. पूर्ण नाव विचारा. जमले तर मालकाला ऐकू जाईल असे विचारा.